पंचकल्याणी मांजर

मराठीने घोड्याच्या आणि बैलाच्या रंगाला नावे दिली, मांजराच्या रंगाला दिली नाहीत. हे विधान एखाद्या हौशी प्राणिमित्राची तक्रार वाटेल, पण आमच्या मते तो भाषेचा आणि म्हणून साहित्याचा प्रश्न आहे. घोडा अबलख असतो, कुमाईत असतो, चारही पाय आणि तोंड पांढरे असले की पंचकल्याणी असतो. खिल्लारात कोसा वेगळा आणि काजळी वेगळा. देवणी जातीत वानेरा निराळा, शेवरा निराळा. ठाणे जिल्ह्यातच, मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या यात्रेत जो बैलबाजार भरतो, तेथे गिऱ्हाईक जनावराचा रंग, शिंग, खूर असे एकेक अंग निरखून बोलते. मांजराच्या वाट्याला मात्र काळे, पांढरे, करडे आणि फार तर 'चितकबरे' एवढेच शब्द येतात.

म्हणींचीही साक्ष काढावी. मांजर डोळे मिटून दूध पिते. शिंके तुटले की बोक्याचे फावते. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न उंदरांना कायमचा पडलेला आहे. मांजराचा लबाडपणा, दबा, संधिसाधूपणा हे सारे या म्हणींना ठाऊक आहे. ते कोणत्या रंगाचे होते, हे मात्र एकही म्हण सांगत नाही. रंग आठवतो तो एकदाच, काळे मांजर आडवे गेले म्हणजे. आणि तेव्हाही त्या रंगाचे वर्णन होत नाही, निकाल लागतो.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. ज्याला मोल, त्याला नाव. पागेतला घोडा हरवला किंवा मेला तर हिशेब द्यावा लागे, बैलाचा सौदा शेकड्यांनी होई. तेथे अचूक विशेषण हे व्यवहाराचे हत्यार होते. मांजर शेजाऱ्याकडून मागून आणायचे आणि पिल्ले झाली की वाटून टाकायची. फुकटच्या वस्तूचे वर्णन कोण करतो?

परिणाम असा की ज्याला नाव नाही ते आपल्याला विचित्र वाटते. कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील कोणत्याही इमारतीच्या जिन्याखाली एकाच भाटीची चार पिल्ले चार रंगांची दिसतात, आणि लगेच कारणे सुचवली जातात: ग्रहण लागले असेल, आईला भाजले असेल, काही रोग असेल. अलीकडे दुकानांतून आणि फोनच्या पडद्यावरून टॅबी, कॅलिको, टक्सिडो हे शब्द आले आहेत. परके शब्द आम्हांला वर्ज्य नाहीत. अबलख आणि कुमाईत हेही बाहेरूनच आले. पण ते पागेत राबून मराठी झाले. हे नवे शब्द किमतीच्या चिठ्ठीसह आले आहेत, आणि जिन्याखालच्या पिल्लापर्यंत ते क्वचितच पोहोचतात.

वास्तविक या रंगांमागे विचित्र असे काही नाही. आहे ती एक अतिशय वाचनीय रचना. पट्टे ही मांजराची मूळ संहिता होय. रानमांजराकडून आलेले ते पट्टे प्रत्येक मांजरात असतात; काही मांजरांत दुसरे जनुक त्यांवर काळा रंग फासते एवढेच. म्हणूनच काळ्या पिल्लाला कोवळ्या उन्हात धरले तर पुसट पट्टे दिसू शकतात. तांबूस मांजरात ते झाकलेच जात नाहीत. सरळ पट्ट्यांऐवजी अंगावर भोवरे उमटतात, त्यामागे एका जनुकातील बदल आहे, आणि त्याच जनुकातील बदलाने आफ्रिकेतील काही चित्त्यांचे ठिपके एकमेकांत मिसळून पट्टे होतात, हे २०१२ साली सिद्ध झाले. वाघाची मावशी हे नाते लोकांनी अंदाजाने जोडले होते. तो अंदाज अगदीच वावगा नव्हता.

काळा, तांबूस आणि पांढरा अशा तीन रंगांचे पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असते. तांबूस रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते नेमके कोणते, हे २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. मादीत दोन एक्स असतात आणि गर्भावस्थेत प्रत्येक पेशी त्यांतील एकाला गप्प बसवते, हा सिद्धान्त मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडला. कोणत्या पेशीत कोणता एक्स बोलेल हे दैवाधीन; म्हणून काळ्या-तांबूस ठिगळांची गोधडी तयार होते. अमेरिकेत २००१ च्या अखेरीस अशाच एका तिरंगी मांजरीची प्रतिकृती जन्माला घातली गेली. जनुके तीच, पण पिल्लाच्या अंगावर तांबूस ठिपकाही नव्हता. संहिता एक असली तरी प्रत्येक वाचन वेगळे, हे आपण वर्गात सांगतो. ही मांजर ते अंगावर वागवते.

पांढऱ्या रंगाची कथा तर थेट आपल्या जुन्या शब्दाशी येऊन मिळते. रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तेथून खाली पसरतात. सर्वांत लांबची ठिकाणे म्हणजे पंजे, पोट, छाती आणि तोंड. त्या पेशी कमी पडल्या की हीच ठिकाणे पांढरी राहतात. घोड्याच्या पांढऱ्या पायांमागेही पेशींचा हाच अपुरा राहिलेला प्रवास असतो. तेव्हा काळ्या अंगाच्या, पांढऱ्या पंजांच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या पिल्लाला विलायती मेजवानीचा पोशाख कशाला चढवावा? पंचकल्याणी हा शब्द त्याच्यासाठी तयारच आहे, आणि त्यात शुभही आहे.

अचूक शब्दाने नुसती भाषा नव्हे, जीवही वाचतो. भाटी गाभण असताना आजारी पडली तर पिल्ले कधी कधी रुपेरी, राखेच्या रंगाची जन्मतात. काही महिन्यांत तो रंग झडून खरा रंग येतो. हा रोग समजून पिल्लू टाकून देणे हे निव्वळ अज्ञान होय. सयामी वळणाची पिल्ले जन्मतः पांढरी असतात आणि कान, शेपूट, पाय हे थंड राहणारे भाग पुढे गडद होतात. आणि ठाण्यात येऊरच्या रानाला लागून राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: तांबूस ठिपक्यांचे, मुठीएवढे 'विचित्र' पिल्लू हे मांजराचे नसून वाघाटीचे असू शकते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिले आहे; तिचे पिल्लू घरी न्यायचे नसते, जागीच ठेवून वनखात्याला कळवायचे असते.

राहता राहिले काळे पिल्लू. वाटपात ते मागे राहते, हे पिल्ले वाटणाऱ्या कोणासही विचारावे. ज्या रंगाबद्दल आपल्यापाशी फक्त अपशकुन आहे, त्याला घर मिळत नाही. तोच रंग उन्हात विटून तपकिरी होतो, त्याच्या आत पट्टे दडलेले असतात, इतके तरी लिहिले गेले असते तर ते पिल्लू 'काळे' एवढ्यावर संपले नसते. 'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून घेतला. त्यातील मांजर नेहमी गोजिरवाणे असते आणि बहुधा कोणत्याच रंगाचे नसते. वर्णन म्हणजे विशेषणांची आरास, ही सवय तेथेच लागते आणि पुढे कथेत, कवितेत सोबत येते.

या परिसराला शब्द जपण्याची परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. २०१७ साली डोंबिवलीत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. येथील मराठीच्या अध्यापकांना आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांना एकदा मासळीबाजारात पाठवावे. तेथे पायांत घोटाळणाऱ्या मांजरांना कोळणी काय म्हणतात, म्हातारी माणसे काय म्हणत, हे टिपून आणण्यास सांगावे. आणि मग एका पिल्लाचे वर्णन असे लिहून घ्यावे की दहा पिल्लांतून तेच ओळखता यावे. कोशात चार शब्दांची भर पडेल किंवा पडणारही नाही. पण ज्याला बाजारात मोल नाही त्याच्याकडेही बैल पारखणाऱ्याच्या नजरेने पाहता येते, हे विद्यार्थ्याला एकदा कळले, तर वर्णन शिकवण्याचे आमच्या मते सार्थक झाले.