रेंज कोणाच्या पायांनी मोजली?

बिनतारी जाळे जमिनीवर उभारण्याआधी अभ्यासक ते संगणकात चालवून पाहतात. त्यासाठी माणसे कशी हिंडतात याचा एक ठोकताळा संगणकाला द्यावा लागतो. तो ठोकताळा कोणाच्या चालण्यावरून बेतला, हे शेतकऱ्याने विचारलेच पाहिजे, असे आमचे मत आहे.

टॉवर नसताना एका यंत्राने दुसऱ्याकडे निरोप सरकवायचा, अशा जाळ्यांसाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जॉन्सन आणि माल्ट्झ यांनी १९९६ साली एक सोपी रीत वापरली. चौकटीतली कोणतीही जागा चिठ्ठी टाकून निवडायची, वेगही चिठ्ठीनेच, नाकासमोर चालत जायचे, थोडे थांबायचे, पुन्हा चिठ्ठी. १९९८ च्या एका गाजलेल्या तुलनेत अशी ५० यंत्रे दीड किलोमीटर लांब, ३०० मीटर रुंद पट्टीत १५ मिनिटे फिरवली. म्हणजे १११ एकर रान, आणि वेग ताशी ७२ किलोमीटरपर्यंत! आमच्या शिवारात रानडुकरेही एवढी पळत नाहीत. बांध नाही, नाला नाही, डोक्यावर गाठोडे नाही.

पुढे याच चिठ्ठीवर कितीतरी अभ्यास झाले. २००३ साली मिशिगन विद्यापीठातील तिघांनी त्यातली खोट दाखवली. ज्याच्या वाट्याला लांबचा पल्ला आणि मंद वेग येतो, तो वाटेतच अडकून पडतो. भराभर चालणारे पोचतात, पुन्हा चिठ्ठी काढतात, आणि कधीतरी तेही तसेच अडकतात. सगळा गाव हळूहळू रुतल्या बैलगाडीसारखा होतो. अशा हिशेबावर निष्कर्ष काढायचे आणि त्याला शास्त्र म्हणायचे!

मग २००८ साली एक लाख फोनधारकांच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून 'नेचर' मध्ये दाखवले गेले की माणूस वाटेल तिथे जात नाही, ठरावीक ठिकाणी परत परत जातो. हे आमच्या म्हातारीनेही सांगितले असते. पण इथेच खरी गोम आहे. फोनची नोंद टॉवरपाशी होते. जिथे रेंज नाही तिथे नोंद नाही; नोंद नाही म्हणून तिथे माणूस दिसत नाही; माणूस दिसत नाही म्हणून टॉवर नाही.

वेचणीच्या दिवसांत बाया उजाडताच कपाशीत असतात. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला माळ्यावर माणूस, रात्री डुकरांसाठी जागल. दिवाळीनंतर बीडकडची घरे ऊसतोडीला जातात, कुलपे लागतात. एकाच गावाची हालचाल आषाढात वेगळी, मार्गशीर्षात वेगळी. ज्या बाईकडे फोनच नाही, ती कोणत्याच हिशेबात नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीचा फोटो मात्र वावरात उभे राहूनच काढायचा!

कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर तालुक्यात दोन दशकांपूर्वी एक शहाणपणाचा प्रयोग झाला. सरकारी बसवर यंत्र बसवले. बस गावातून जाताना जमिनीच्या उताऱ्याचे अर्ज उचलायची आणि तालुक्याला पोचवायची. तिथे चिठ्ठी टाकावी लागली नाही, कारण बसची वाट ठरलेली होती.

आमची मागणी एवढीच: रेंजची पाहणी गावठाणात उभे राहून नको, शिवारात हवी, आणि वेचणीच्या आठवड्यात हवी. जिल्हा बैठकीला येताना घरातले प्रत्येक माणूस वेचणीच्या एका दिवशी कुठे कुठे जाते आणि कुठे फोन लागत नाही, हे एका कागदावर गट नंबरासह लिहून आणा. बायांचे जाणे-येणे त्यांनाच विचारून लिहा.