लोअरवाल्यांची बाजू

गणिताशी माझं भांडण नाही. गणिताच्या नावाखाली घराघरांतून जे चालतं त्याच्याशी आहे.

आमच्या मॅट्रिकच्या काळी 'हायर मॅथ्स' आणि 'लोअर मॅथ्स' अशा दोन जाती होत्या. हायरवाला मुलगा पाहुण्यांपुढे आणायचा आणि लोअरवाल्याला त्याच पाहुण्यांसाठी कोपऱ्यावरून बर्फ आणायला पिटाळायचं! पुढे 1975 साली शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली. पण जात अशी परीक्षेबरोबर जाते थोडीच!

केंद्रीय मंडळानं 2020 च्या दहावीपासून गणिताचे दोन पेपर काढले, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम तोच, पुस्तक तेच, वर्ग तोच, शिकवणाऱ्या बाईही त्याच. फरक काय तो प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा. ज्याला पुढे गणित नको त्यानं बेसिक द्यावं. मागाहून विचार बदललाच तर पुरवणी परीक्षेत स्टँडर्ड देण्याची सोय तेव्हा ठेवली. परीक्षा मंडळाकडून इतका समजूतदारपणा म्हणजे कपिलाषष्ठीचा योगच. पण नाव ठेवताना घात झाला. 'बेसिक' म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? त्याचंच नाव 'डीलक्स' ठेवलं असतं ना, तर स्टँडर्डच्या वर्गात बाकं रिकामी पडली असती.

माझ्या पुतण्याची मुलगी यंदा दहावीला आहे. तिला मोडी वाचायचा नाद लागलाय. मुंबई-पुण्याच्या दप्तरखान्यांत मोडीतले कोट्यवधी कागद रुमालांत बांधून पडलेत आणि ते वाचणारी माणसं शोधावी लागतात, हे या पोरीला पंधराव्या वर्षी ठाऊक आहे. तिनं आपण होऊन बेसिक गणित मागितलं, अकरावीला कला शाखा मागितली. घरात सुतक आल्यासारखी शांतता.

"काका, तुम्ही तरी सांगा तिला," पुतण्या म्हणाला. "सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी राहतात."

हे दारांचं तत्त्वज्ञान मी इतक्या दिवाणखान्यांत ऐकलंय की, आता कुणी सुरू केलं की मी चपला शोधू लागतो. त्यात तथ्य नाही असं नाही. विज्ञानातून कलेकडे येता येतं, कलेतून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. कबूल. पण अहो, दार उघडं राहतं म्हणजे ते कुणीतरी धरून उभं असतं! ते तुम्ही नसता. ती पोरगी असते. पहाटे सहाची बॅच, रविवारी चाचणी, आणि जिथं जायचंच नाही त्या घराचं दार दोन वर्षं धरून ठेवायचं. बरं, मोडीचं दार? ते उघडं ठेवा असं कुणी म्हणत नाही.

आणि ही मुलगी म्हणे ढ ठरेल! अठराव्या शतकातल्या कारकुनाचं घाईतलं अक्षर, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. ते लावून वाचणं ही 'लोअर'ची पातळी असेल तर हायर कशाला म्हणायचं ते मला एकदा सांगा.

गणितवाल्यांनी रागावू नये. ज्याला अवघड गणिताची भूक आहे त्याला ते मिळालंच पाहिजे. "मुलीच्या जातीला कशाला एवढं अवघड?" म्हणून हुशार पोरींना लोअरला बसवणारे बापही मी पाहिलेत, तेही याच पुतण्याचे भाऊबंद. मुलाला विचारायचं नाही, हा नियम दोघांकडे सारखाच.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको असं स्वच्छ लिहिलंय. दिल्लीहून निघालेलं धोरण आमच्या दिवाणखान्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढंच. मधे क्लासवाल्यांचे फलक आडवे येतात.

फॉर्म भरायची मुदत अजून आठवडाभर आहे. परवा पोरीनं माझ्याकडे मोडीत लिहिलेली चिठ्ठी पाठवली, बापाच्याच हातून.

"काय लिहिलंय हो काका?" पुतण्यानं विचारलं.

"मला कुठं येतं वाचायला? तिलाच विचार."

तो चिठ्ठी उलटसुलट करून बघत बसला.