कमल चालते, मीना नाही!

दिवसभर ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये बसून लोकांच्या वेबसाइट्स बनवायच्या आणि रात्री डोंबिवलीत घरी आलं की आईचं ऐकायचं, "तुझ्या कॉम्प्युटरचा घरात कधी उपयोग होणार रे?" त्यामुळे सोसायटीच्या महिला मंडळाने 'दिवाळी अंक आळीपाळीने वाचायचेत, नावं नोंदवायला साइट करून दे' म्हटल्यावर मी कॉलर ताठ केली. एका रविवारचं काम, बॉस!

मी जँगो घेतलं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलेलं हे फ्रेमवर्क २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. नाव जँगो राइनहार्ट या गिटारिस्टवरून. त्यात नोंदणीचा फॉर्म जवळजवळ आयताच मिळतो. यूजरनेम, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. आपण फक्त बटणाचा रंग ठरवायचा. (मी मोरपंखी ठरवला. मंडळात त्यावर पाऊण तास चर्चा झाली.)

उद्घाटनाचा मान शेजारच्या कमलकाकूंना. मराठी कीबोर्डवर 'कमल', पासवर्ड, क्लिक... टाळ्या! मग आई. तिने एकेक अक्षर शोधत 'मीना' टाइप केलं. आणि खाली लाल सूचना : यूजरनेममध्ये फक्त अक्षरं, आकडे आणि काही ठरावीक चिन्हंच चालतील.

"मग मी काय लिहिलंय? ही अक्षरं नाहीत?"

दोनदा केलं, तीनदा केलं. शेवटी आई हसून म्हणाली, "राहू दे. तुझ्याच नावाने कर. गॅस बाबांच्या नावावर, लाइटबिल आजोबांच्या... त्यात हे एक."

ती हसली खरी, पण मला झोप लागेना.

रात्री दीडला चोर सापडला. यूजरनेम तपासणारा जँगोचा नियम पायथॉन भाषेला विचारतो, 'हे अक्षर आहे का?' आपण पहिलीत 'मी' हे एक अक्षर म्हणून शिकलो. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन : म आणि वेलांटी. 'म' अक्षर, पण वेलांटी म्हणजे नुसती खूण! म्हणजे कमल, मदन, गणपत आत. मीना, रेखा, गणेश बाहेर. काना-मात्रा नसलेल्यांनाच प्रवेश. आणि मी टेस्ट करताना कोणतं नाव टाकलं होतं? इंग्रजीतलं माझं स्वतःचं. चूक माझीच.

उपाय दोन ओळींचा होता : नियम बदलून देवनागरीच्या खुणांनाही परवानगी. उचकलंच आहे तर म्हटलं, स्वतःचं यूजर मॉडेल लिहावं. (हे डेटाबेस तयार करण्याच्या आधी करा हो, नंतर केलं की रडायला होतं. मला सगळं पुसून पुन्हा मांडावं लागलं.) कारण तयार मॉडेलमध्ये नावाचे रकाने दोनच, पहिलं नाव आणि आडनाव. आपल्याकडे मधलं नाव असतं, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर तर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. मी तिन्ही-चारी भानगडी सोडून 'पूर्ण नाव' असा एकच लांब रकाना दिला. ज्याला जे लिहायचंय ते लिहा.

पुढच्या रविवारी आई पुन्हा बसली. 'मीना' गेलं! कमलकाकूंनी टाळी दिली. पासवर्डला आईने आमचा जुना लँडलाइन नंबर टाकला, मागे ०२५१ लावून.

पुन्हा लाल सूचना : पासवर्डमध्ये नुसते आकडे चालणार नाहीत.

आईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता आपला नंबरही अक्षरात लिहू का?"