गळकं माळवद आणि गिटार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सुरतेहून मित्राचा फोन आला, "पुण्याला ये. मुलं गाण्याला चाललीत, आपणही जाऊ." मला वाटलं, सवाई गंधर्व. म्हटलं, सतरंजी घेऊन येतो. तो हसला. "सतरंजी राहू दे घरी. बूट घालून ये, दिवसभर उभं राहायचंय."

हे गाणं म्हणजे एनएच सेव्हन वीकेंडर. २०१० साली पुण्यात सुरू झालेला महोत्सव. स्वतःच गाणी रचून स्वतःच वाजवणाऱ्या बँडांची जत्राच म्हणा ना.

हा मित्र आणि मी सोलापूरच्या एकाच गल्लीतले. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि पोरगा सुरतेच्या कापड बाजारात गेला, तो तिथलाच झाला. सुरतेत मराठी माणूस कमी नाही. उधना, लिंबायत भागात तर मराठी सहज कानावर पडतं, महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. पण त्याचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला. मित्रांशी गुजराती, बाजारात हिंदी. मराठी त्याला कळतं, पण उत्तर हिंदीत येतं.

मी आणि माझी लेक सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो. पुण्यातला तिसरा मित्र स्टेशनवर घ्यायला आला होता. एम.ए.ला असताना आम्ही तिघं रमणबागेत सवाईला बसायचो. गदगकडच्या भीमसेन जोशींनी कुंदगोळच्या आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला तो महोत्सव. आपल्या दोन्ही भाषांच्या घरांना तो पहिल्यापासून आपला वाटत आलेला. तिथं शेजारी कुणी खोकलं तरी माना वळायच्या!

इथं मैदानाच्या दारातच मनगटावर कापडी पट्टी बांधली. आत एकाहून अधिक रंगमंच. एकीकडचं संपतं न संपतं तोच दुसरीकडे सुरू. पोरं धावत इकडून तिकडे. पहिला तासभर आमच्या छातीत ढोल वाजत होता. पुणेकर मित्रानं खिशातून कापसाचे बोळे काढले आणि प्रसाद वाटावा तसे वाटले. आम्ही तिघं वडापाव शोधत हिंडलो, मिळाला पिझ्झा. गवतावर बसून तोच खाल्ला.

संध्याकाळी बंगळूरकडचा एक बँड आला. गिटार, ड्रम, व्हायोलिन. गायकानं तोंड उघडलं आणि माझा घास हातातच राहिला. शिशुनाळ शरीफांचं पद! गळक्या माळवदाचं. माझी अव्वा विजापूरकडची. तांदूळ निवडताना ती हे पद म्हणायची. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत आमच्या घरात कन्नड पद कुणी म्हटलं नव्हतं.

शेजारी पाहिलं तर लेक डोळे मिटून गात होती. एकही शब्द न चुकता.

शरीफ (१८१९–१८८९) हे हावेरी जिल्ह्यातल्या शिशुनाळचे. जन्मानं मुसलमान, गुरू ब्राह्मण, गोविंदभट्ट. आमच्या पिढीला ही पदं सी. अश्वथ यांच्या आवाजात माहीत. १९९० साली नागाभरण यांचा शरीफांवरचा चित्रपट आला, त्याचं संगीतही अश्वथ यांचंच. पुढे रघू दीक्षित या गायकानं शरीफांचं गुडगुडीचं पद २००८ सालच्या आपल्या अल्बममध्ये गिटारवर घेतलं. हा रघू जन्मला नाशकात, वाढला म्हैसुरात! लेकीला शरीफ भेटले ते असे, कानातल्या वायरीतून.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, माळिगी म्हणजे काय?"

मी चकित झालो. "अगं, माळिगी म्हणजे माळवद. मातीचं धाबं. आज्जीच्या माहेरचं घर तसंच होतं. पाऊस लागला की गळायचं. घरभर पातेली मांडून ठेवायचे. कुणीतरी वर चढून माती चोपल्याशिवाय गळती थांबायची नाही."

"म्हणजे हे घराचं गाणं आहे?"

"घराचं आणि देहाचंही. अज्ञानाची गळती लागलेल्या माणसाचं."

ती काही बोलली नाही. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, तिनं माळवद पाहणार कुठं? तिला सगळे शब्द पाठ, अर्थ ठाऊक नाही. मला अर्थ ठाऊक, पण दुसऱ्या कडव्यापुढे शब्द येत नाहीत. अव्वाचं गाणं आमच्यात असं निम्मं निम्मं वाटलं गेलं होतं.

रात्री दहाला सगळं थांबलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपुढे सवाईच्या रात्रभराच्या मैफली थांबल्या, तिथं गिटारचं काय! बाहेर पडताना सुरतेचा मित्र म्हणाला, "माझ्या पोराला तुकोबा असे कुणी गिटारवर ऐकवायला हवेत."

मी म्हटलं, "ऐकवतील रे. पण अर्थ विचारला तर सांगायला तू घरी असायला हवास." तो नुसता हसला. दुकान रात्री साडेनऊला बंद होतं त्याचं.

परतीच्या गाडीत लेकीनं वहीत ते पद देवनागरीत उतरवलं. खाली मी अर्थ लिहीत गेलो. दोन शब्दांपाशी मीही अडलो. सोलापूरला पोहोचल्यावर विजापूरला मावशीला फोन लावला. तिनं दोन्ही शब्द सांगितले आणि पुढे दहा मिनिटं, इतक्या वर्षांत आला का नाहीस म्हणून कन्नडमध्ये झाडलं. लेक स्पीकरवर ऐकत होती. ते बोलणं तिला अर्थ न विचारताच कळलं.

पुढच्या सुट्टीत आम्ही विजापूरला जाऊन आलो. वही बरोबर नेली होती.