यंत्राची श्रीमंती, कानाची उपेक्षा

संगीत ऐकण्यासाठी खिशात बाळगण्याचे एक नवे यंत्र घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न पक्षाच्या साप्ताहिकात चर्चिण्याजोगा आहे काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. महागाई, कंत्राटी मजुरी आणि घरांचे प्रश्न समोर उभे असताना हा विषय त्यांना चैनीचा वाटेल. परंतु माणूस आपल्या श्रमाचा पैसा कशावर खर्च करतो, तो खर्च करण्याची इच्छा त्याच्या मनात कोण निर्माण करतो आणि त्या खर्चातून त्याच्या पदरात नेमके काय पडते, हे अर्थशास्त्राचे मूलभूत प्रश्न आहेत. पोलादाच्या कारखान्याला ते जेवढे लागू पडतात, तेवढेच तळहातावर मावणाऱ्या यंत्रालाही लागू पडतात.

ह्या चर्चेसाठी ट्रॉम्बेसारखे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही. १९५४ साली येथे अणुशक्ती आस्थापना उभी राहिली आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच पुढे १९६७ साली हैदराबादचे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन हा सार्वजनिक उद्योग जन्माला आला. देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा आराखडा आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होमी भाभा होते. ते स्वतः पाश्चात्त्य अभिजात संगीताचे दर्दी होते. त्याच ट्रॉम्बेत १९५०च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने आणि वीजकेंद्र धडधडत आहेत, मागाहून खतकारखानाही आला. आणि त्याच ट्रॉम्बेत, १९७६ साली आणीबाणीच्या अंमलात जनता कॉलनीतून उठवलेल्या हजारो कुटुंबांनी वसवलेला चिता कॅम्पही आहे. प्रयोगशाळा, कारखाना आणि वस्ती अशी तिन्ही जगे येथे एका बसच्या अंतरावर नांदतात. अशा ठिकाणी अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ असो किंवा कारखान्यात नुकताच कायम झालेला तरुण असो, त्याच्यापुढे आज ‘हाय-रेझोल्यूशन’ प्लेअरची जाहिरात येऊन उभी राहते. सोनी कंपनीने २०२३ साली भारतात आणलेल्या अशा एका वॉकमनची किंमत ६९,९९० रुपये होती. कंत्राटी कामगाराची ही कित्येक महिन्यांची मजुरी झाली.

ह्या प्रश्नाला दोन तयार उत्तरे दिली जातात. पहिले कर्मठ उत्तर असे की, हा भांडवलदारी समाजाचा नखरा आहे, कष्टकऱ्याला त्याची गरज नाही. दुसरे उदारमतवादी उत्तर असे की, ज्याचा पैसा त्याची आवड, इतरांनी त्यात पडू नये. दोन्ही उत्तरे विचार करण्याचे कष्ट वाचवतात, आणि म्हणूनच दोन्ही टाकाऊ आहेत.

कष्टकऱ्याला चांगल्या आवाजाची गरज नाही, असे म्हणणाऱ्याला मुंबईच्या श्रमिकांचा इतिहास ठाऊक नाही असे म्हणावे लागेल. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गिरणगावातील माणसे दिवसभराच्या पाळीनंतर रात्र रात्र मैदानात बसून राहत. अण्णा भाऊंचे वास्तव्य ट्रॉम्बेहून फार दूर नव्हते. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत त्यांनी उमेदीची वर्षे काढली. पुढे १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडून काढली आणि भीमगीते, लोकगीते, कव्वाल्या वस्तीवस्तीत पोहोचल्या. त्या फितीत खरखर होती, आवाज दबलेला होता. पण ज्यांच्या गाण्याला आजवर कोणी ध्वनिमुद्रणाच्या लायकीचे मानले नव्हते, त्यांचे गाणे प्रथमच बाजारात आले. तेव्हा संगीत ही चैन नव्हे, हे श्रमिकांनी स्वतःच सिद्ध केलेले आहे. वाद संगीताविषयी नाही. संगीताच्या नावाखाली जे विकले जात आहे, त्याविषयी आहे.

विकले काय जाते? आकडे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे एका सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना सोळा बिटांत मोजला जातो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी पूर्णपणे परत मिळवता येतो, हा नायक्विस्ट आणि शॅनन ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत आहे. म्हणजे डिस्कवर सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी साठवता येतो. निरोगी तरुण कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे. साठी गाठलेल्या बहुतेकांना १२,००० हर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. नव्या यंत्राची प्रौढी अशी की, ते सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० नमुने आणि चोवीस बिट हाताळते. तात्पर्य, ज्या कंपनांना मानवी कानाचे दारच बंद आहे, त्या कंपनांसाठी माणसाने जादा पैसे मोजावेत अशी अपेक्षा आहे.

हा केवळ तर्क नाही, प्रयोगही झालेले आहेत. २००७ साली मेयर आणि मोरन ह्यांनी अमेरिकेत श्रोत्यांना कोणते ध्वनिमुद्रण कोणत्या दर्जाचे हे न सांगता दोन्ही ऐकवले. ५५४ वेळा प्रश्न विचारला गेला, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी निकाल हाच लागला असता. २०१६ साली जोशुआ राइस ह्यांनी अशा अठरा प्रयोगांची एकत्रित छाननी केली. तीत बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. कानाला आधी तालीम दिलेल्या श्रोत्यांत ते अधिक होते. तेव्हा फरक मुळीच नाही असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. फरक असलाच तर तो अतिसूक्ष्म आहे आणि तो टिपण्यासाठी शिकलेला कान लागतो, एवढेच म्हणता येईल. सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवणाऱ्या शिक्षकाला ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही: किंमत दसपट, समाधानातील वाढ जवळजवळ शून्य.

बिटांचा हिशेब तर ट्रॉम्बेच्या रहिवाशाला अधिक उद्बोधक ठरेल. सोळा बिटांत सर्वात मंद आणि सर्वात मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल साठवता येते. आता ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पाहावेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा त्यांनी घालून दिली आहे. ती मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्या गोंगाटाच्या वर ९६ डेसिबलचे सारे अंतर कानी पडावे म्हणून आवाज १५० डेसिबलपर्यंत चढवावा लागेल. कानाला वेदना त्याच्या कितीतरी आधी, १२० ते १३० डेसिबलच्या सुमारास, सुरू होतात. म्हणजे जुन्या डिस्कची श्रीमंतीसुद्धा ह्या शहरातील घरात, बसमध्ये किंवा लोकलमध्ये पुरती उपभोगता येत नाही. मग चोवीस बिटांची श्रीमंती कोणत्या शांततेत उपभोगायची? ती शांतता दुकानात मिळत नाही.

आणि कानाचे काय? कारखान्यातील कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि पंपांजवळ वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची श्रवणशक्ती प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास खचते. त्याच पट्ट्यात व्यंजने ओळखू येतात, टाळेची किणकिण आणि तबल्याच्या चाटेची धार उमटते. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हा कायद्याच्या परिशिष्टात नोंदवलेला, म्हणजे आढळल्यास कळवणे बंधनकारक असलेला, व्यवसायजन्य रोग आहे. परंतु हे बहिरेपण दुखत नाही, रक्त सांडत नाही, म्हणून कामगारही त्याची तक्रार करत नाही आणि मालकही त्याची वाट पाहत नाही. कंत्राटी कामगाराची तर श्रवणचाचणी व्हावी कुणी आणि कधी? ज्याने आयुष्यभर यंत्राच्या आवाजात कान झिजवले, त्यालाच निवृत्तीच्या पैशातून कानापलीकडची कंपने विकायची, हा बाजाराचा निर्दय विनोद आहे.

ध्वनिमुद्रणाची बाजूही तपासली पाहिजे. मराठी श्रोता ज्या संगीतावर जीव टाकतो, त्यातील पुष्कळसे ७८ गतीच्या तबकड्यांवर आहे. ह्या तबकड्यांची मजल २०,००० हर्ट्झ तर दूरच, त्याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच जाई. केसरबाई केरकरांची तशाच तबकडीवरील साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. पृथ्वीच्या वतीने काय पाठवावे हे ठरवणाऱ्यांनी नमुन्यांची संख्या विचारली नाही. त्यांनी गाणे ऐकले. जे मुळात टिपलेच गेले नाही, ते मोठ्या आकड्यांच्या पेटीत भरल्याने निर्माण होत नाही. विहिरीत जेवढे पाणी असते तेवढेच पोहऱ्यात येते.

मग ही इच्छा उपजते कशी? उत्पादनच गरज निर्माण करते आणि मग तीच गरज भागवल्याचे श्रेय घेते, हे गॅलब्रेथ ह्यांनी १९५८ सालीच दाखवून दिले होते. २०१६ पासून मोबाइलमधील हेडफोनची खाच काढून टाकण्याचा प्रघात बड्या कंपन्यांनी पाडला. मग बिनतारी इअरफोन विकले. बिनतारी मार्गाने जाताना आवाज आवळावा लागतो, त्यामुळे काही श्रोत्यांना उणीव भासू लागली; आणि ती उणीव भरून काढण्यासाठी स्वतंत्र, महागडा प्लेअर पुढे करण्यात आला. आधी खड्डा खणायचा आणि मग पुलाचा पथकर वसूल करायचा, असा हा व्यवहार आहे. हजार-दोन हजार रुपयांची बारकीशी जोडणी मोबाइलला लावली, तरी तारेच्या चांगल्या हेडफोनला पुरेसा शुद्ध आवाज मिळतो. ही गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. गायक नील यंग ह्यांनी २०१४ साली लोकवर्गणीतून साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभारून ‘पोनो’ हा प्लेअर काढला; २०१७ साली तो प्रयोग संपला. हेतू प्रामाणिक असला तरी आकड्यांवर रचलेले समाधान टिकत नाही, एवढा धडा त्यातून घेता येतो.

तथापि स्वतंत्र प्लेअरच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे, आणि न्यायबुद्धीने तो मांडला पाहिजे. आजचा श्रोता संगीताचा मालक राहिलेला नाही, भाडेकरू झाला आहे. महिन्याची वर्गणी थांबली की गाणे थांबते. कंपनीचा करार संपला की गाणे यादीतून नाहीसे होते. पुढे काय ऐकायचे हे यंत्रच सुचवते आणि कोणी काय ऐकले ह्याची नोंद विकण्याजोगा माल बनते. ह्याउलट स्वतःच्या संग्रहातील गाणी ठेवलेला साधा प्लेअर कोणाला हिशेब देत नाही, मध्येच जाहिरात वाजवत नाही, फोन आला म्हणून विलंबित ख्याल तोडत नाही. एकाग्रतेने ऐकण्याची ही मोकळीक मोलाची आहे. परंतु ती मोकळीक चार-पाच हजारांच्या साध्या प्लेअरमध्येही मिळते, तिच्यासाठी १,९२,००० नमुन्यांची आवश्यकता नाही.

तेव्हा खरेदी करू पाहणाऱ्याने निर्णयाचा क्रम बदलावा. प्रथम कान तपासून घ्यावेत. नंतर एखाद्या मित्राला एकच गाणे दोन दर्जांत, नाव न सांगता, निदान वीस वेळा वाजवायला सांगावे आणि उत्तरांचा हिशेब ठेवावा. दहा-बारा उत्तरे बरोबर आली तर ती केवळ योगायोगाने आली असे समजून पैसे खिशात ठेवावेत. पैसे खर्चच करायचे असतील तर ते आधी हेडफोनवर करावेत, कारण आवाजातील ऐकू येणारा फरक बहुतांशी तेथेच पडतो. यंत्र घेताना बॅटरी बदलून मिळते की नाही हे विचारावे. न मिळाल्यास ती खरेदी नसून काही वर्षांचे भाडे आहे. आणि आवाजाची पातळी जपावी: आठवड्याला चाळीस तास ऐकायचे तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

एवढे झाल्यावर उरलेल्या पैशाचा प्रश्न व्यक्तीचा राहत नाही. शाहिरांच्या आणि लोकगायकांच्या कॅसेट आज घराघरांत कपाटाच्या तळाशी पडून आहेत. मुंबईच्या दमट हवेत त्यांच्या फितीवरील चुंबकीय लेप सुटत चालला आहे. तो सुटला की त्यावरचा आवाज कोणत्याही किमतीच्या यंत्राला परत आणता येणार नाही. एका महागड्या प्लेअरच्या किमतीत चांगला कॅसेट डेक, संगणकाला जोडायचे साधन आणि साठवणुकीच्या डिस्क येतात. एखाद्या वाचनालयाने किंवा कामगार संघटनेने हे काम हाती घेतले, तर शेकडो तासांचे गाणे वाचू शकेल. वस्तीतील वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ दारे-खिडक्या लावून एकत्र ऐकण्याची बैठक भरवणे, कारखान्याच्या दारावर श्रवणचाचणीची मागणी लावून धरणे, ध्वनिप्रदूषणाचे नियम वस्तीतही पाळले जावेत म्हणून झगडणे, ही कामे कोणत्याही चोवीस बिटांपेक्षा संगीताची अधिक सेवा करतील. उत्तम आवाज हा श्रमिकाचा हक्क आहे. म्हणूनच तो हक्क आकड्यांच्या मोबदल्यात विकला जाऊ नये, आणि त्याची मागणी दुकानाच्या दारात नव्हे, कारखान्याच्या दारात केली जावी.