शिट्ट्या किती घ्यायच्या?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधले दोन महिने रिलीजमध्ये गेले आणि रिलीजनंतरचे दोन वीकएंड झोपण्यात. पण दिवाळीला गावी एक प्रयोग केला, तो सपशेल फसला, मग परत केला. तेव्हापासून डोक्यात जे किडे वळवळतायत ते आज इथे सोडतोय. शाकाहारी मंडळींनी इथूनच रजा घेतली तरी राग नाही. :)

विषय आहे बरगड्या. अमेरिकन लोक ज्यांना 'बार्बेक्यू रिब्ज' म्हणतात त्या. काही वर्षांपूर्वी ऑनसाइटला तीन महिने कॅन्सस सिटीत होतो. तिथे हे प्रकरण पहिल्यांदा खाल्लं आणि परत आल्यावर सगळ्यांप्रमाणे मीही सांगत सुटलो, "अरे, हाडावरून मांस असं अलगद सुटतं!" तिकडे त्या डुकराच्या असतात. आमच्या वाशिम जिल्ह्यात घरी रिब्ज करायच्या म्हणजे बोकडाची चाप. आणि मला त्या घरीच करायच्या होत्या, कारण बाबा.

बाबांनी दोन वर्षांपूर्वी कवळी बसवली. त्याआधी हा माणूस नळी फोडून खाणारा. आता मटणाच्या दिवशी ते ज्वारीची भाकरी रश्शात चुरतात आणि फोडी गुपचूप आईच्या ताटात सरकवतात. कुणी काही बोलत नाही. मी ठरवलं, यावेळी बाबांना चाप खाऊ घालायची.

पहिला दिवस. रिसोडहून किलोभर चाप आणली, आलं-लसूण चोळलं, कुकरात टाकली. आईनं विचारलं, "किती शिट्ट्या घेतं बाबू?" मी फोनवर बघून आत्मविश्वासानं सांगितलं, सहा. उघडलं तर निम्मं मांस पाण्यात आणि हाडं वेगळी पोहतायत. उरलेल्याला सॉस लावून तव्यावर परतलं, त्याचे दोर झाले. बाबांनी एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला. "चव चांगली हाय," म्हणाले. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी म्हणालं की व्हेरिएबलची नावं छान आहेत, तर काय समजायचं ते तुम्हाला माहीत आहेच.

रात्री झोप येईना म्हणून विचार करत बसलो. चूक कुकरची नव्हतीच. कुकर जन्मालाच आला हाडांसाठी. डेनी पापिन नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं भांडं मांडलं, ते हाडं मऊ करायलाच होतं. भांडं फुटू नये म्हणून त्यानं वाफ सोडणारी झडपही काढली. आपली शिट्टी तिचीच वंशज. आपल्याकडे हॉकिन्स कंपनी मुंबईत १९५९ साली सुरू झाली आणि पुढे घराघरातलं वरण शिट्ट्यांत मोजलं जाऊ लागलं.

गोची इथेच आहे. शिट्टी हे वेळेचं माप नाही. वाफेचा दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की झडप उचलली जाते, एवढाच तिचा अर्थ. गॅस मोठा ठेवला तर सहा शिट्ट्या दहा मिनिटांत होतील, बारीक ठेवला तर अर्ध्या तासात. म्हणजे आपण मोजतो एक आणि हवं असतं दुसरंच. वर झाकण बंद. आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळायची सोय नाही. लॉग नसलेल्या सर्व्हरवर प्रोडक्शनचा बग शोधण्यासारखं.

आता हवं असतं ते काय? बरगडीचं मांस चिवट असतं कारण ते जनावर जिवंत असताना सतत काम करतं. प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात. म्हणून तिथे कोलॅजेन भरपूर असतं, मांसाचे धागे एकत्र बांधून ठेवणारं. हे कोलॅजेन साधारण साठ अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं, ऐंशी-नव्वदला बऱ्यापैकी वेगानं, आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप गार झालं की थरथरतं ना, तेच. मांसातलं पाणी तर शिजताना जातंच, मंद शिजवा की भरभर. पण हे जिलेटिन आणि चरबी धाग्यांत राहिली की मांस तोंडात ओलं आणि मऊ लागतं.

कुकरमध्ये पूर्ण दाबाला तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तिथे हेच काम फार झपाट्यानं होतं, आणि चिवट ते चोथा यांच्यात थोडीच मिनिटं असतात. ती नेमकी पकडायची कशी? आणि विरघळलेलं सगळं उतरतं पाण्यात. रस्सा करायचा असेल तर उत्तमच, आपण तो पिऊन टाकतो. म्हणून रश्शाला कुकर झकास आणि कोरड्या चापेला बेभरवशाचा. तिकडचे लोक साधारण ११० अंशांवर पाच-सहा तास रिब्ज ठेवतात ते याचसाठी. तिथे अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही.

आणखी एक भानगड आहे, तिच्याकडे आपण बघतच नाही. आपल्याकडे सकाळी कापलेलं मटण दुपारी ताटात असतं. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि नेमकं त्याच वेळी आपण ते आचेवर चढवतो. फ्रिजमध्ये एक दिवस ठेवलं की आखडलेपण बरंच सुटतं. दुसऱ्या खेपेला खाटीकदादांना म्हटलं, चापेची अख्खी पट्टी द्या, तुकडे करू नका, उद्या शिजवणार आहे. त्यांनी माझ्याकडे पुण्याहून आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. "ताजं सोडून शिळं खाता काय भाऊ?" पण दिली.

तर दुसरा प्रयोग वाड्यामागच्या मोकळ्या जागेत. मी विटा मांडल्या, पऱ्हाट्या पेटवल्या. भसकन जाळ झाला आणि पाच मिनिटांत राख. बाबा खाटेवरून बघत होते. उठले, बाभळीची लाकडं आणली, गोवऱ्या रचल्या. "जाळावर नाही शिजत बापा, आरावर शिजते." आर म्हणजे निखारे. गावात रोडग्यांची पंगत असली की रोडगे भाजायला बाबा पुढे असत. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात घालायचे आणि आतून कच्चे न राहता, बाहेरून न जळता काढायचे, हे थर्मामीटरशिवाय करणारा माणूस आमच्या घरात खाटेवर बसून होता, आणि मी फोनवर शिट्ट्या शोधत होतो.

चाप पातेल्यात बंद केली, झाकण कणकेनं लिंपलं. खाली आर, झाकणावरही थोडा आर. तिकडे मोठ्या तुकड्यांचं तापमान ६५-७० अंशांच्या आसपास तासन् तास अडकून बसतं. पृष्ठभागावरचं पाणी उडतं आणि मांस गार करतं. मे महिन्यात वाशिमला ऊन चाळीसच्या वर असतं तेव्हा माठातलं पाणी गार राहतं, तेच कारण. यावर ते लोक मांस फॉइलमध्ये गुंडाळतात. आपल्याकडे पानगे पळसाच्या पानांत भाजतात आणि हंडीला कणीक लावतात. वाफ कोंडायची, एवढंच.

अडीच तास बाबा आणि मी तिथे बसलो. गेल्या पाच वर्षांत आम्ही सलग एवढं बोललो नव्हतो. मी मधूनमधून फोटो काढत होतो. आई पाणी द्यायला आली, सगळा थाट बघितला आणि म्हणाली, "मी तीस वर्सं चुलीपाशी बसली, तवा माहा फोटो नाई काढला कोणी."

हसली ती. पण मला काही हसू आलं नाही.

कारण या सगळ्या मंद आचेच्या कौतुकात एक गोम आहे. 'चुलीवरचं मटण' अशी पाटी लागली की आपण गाडी थांबवतो. शेतातल्या पार्टीला पुरुष हंडी करतात, वर्षातून दोनदा, आणि वर्षभर तारीफ घेतात. ज्या बायकांनी रोज चूल फुंकली, त्यांच्या डोळ्यांत गेलेल्या धुराची कुणी पाटी लावली नाही. आईचा पहिला कुकर मी तिसरीत असताना आला. त्याआधी तुरीचं वरण शिजायलाही तासभर लागायचा, आणि तो तास आईचा असायचा. कुकरनं तिला तो तास परत दिला. 'आईच्या हातची ती चव आता नाही' असं कुकरला नावं ठेवत म्हणणारे आपण, त्या चवीचं बिल कुणी भरलं ते विचारत नाही.

म्हणून माझं मत साधं आहे. चाप मऊ हवी तर वेळ द्यावाच लागतो, त्याला पळवाट नाही. पण तो वेळ ज्याला खायची हौस आहे त्यानं स्वतःचा द्यावा. बायकोला, आईला किंवा स्वयंपाकाच्या मावशींना 'जरा मंद आचेवर कर ना' असं सोफ्यावरून सांगायचं असेल, तर कुकर लावा आणि रस्सा प्या. तोही चांगलाच असतो.

बसायची तयारी असेल त्यांच्यासाठी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये जमणारी रीत:

शनिवारी सकाळी किलोभर चापेची अख्खी पट्टी आणा. आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सुरीनं कोपरा सोडवून ओढून काढा, तो कितीही शिजला तरी चिवटच राहतो. दोन छोटे चमचे मीठ, आलं-लसूण, तिखट, घरचा काळा मसाला चोळून रात्रभर फ्रिजमध्ये. कच्ची पपई घालायचीच तर एक छोटा चमचा, तीही शिजवायच्या दोनच तास आधी. जास्त झाली तर वरचा थर पिठासारखा होतो. रविवारी जाड बुडाच्या पातेल्यात स्टँड, खाली दोन वाट्या पाणी, वर चाप, झाकणाला कणीक. पातेलं तव्यावर आणि गॅस सगळ्यात बारीक. आत पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या वर जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. दोन तासांनी उघडा. हाडाचं टोक बोटाच्या पेराएवढं उघडं पडलेलं असेल आणि सुई अडखळल्याशिवाय आत जात असेल तर झालं. नाहीतर कणीक परत लावा आणि अजून अर्धा तास. मग गूळ, चिंचेचा कोळ, लसूण आणि तिखट आटवून केलेला सॉस लावून निखाऱ्यावर किंवा ग्रिलखाली दहा मिनिटं. गूळ पटकन जळतो, म्हणून तो शेवटीच. कोळसा पेटवणार असाल तर गच्चीवर, बंद खोलीत अजिबात नको. पातेल्यात उरलेलं पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशीच्या रश्शाला ठेवा.

आणि भांडी आपण घासायची. हा रेसिपीचाच भाग समजा.

असो. त्या दिवशी बाबांनी चार बरगड्या खाल्ल्या. पाचवी आईच्या ताटात ठेवली, पण यावेळी ती कवळीमुळे नव्हती. आईनं खाऊन सांगितलं, "मीठ कमी हाय." मग एक मिनिटानं विचारलं, "पुढच्या खेपीले कधी येतं?"

ता. क. : अमेरिकेत रिब्जच्या स्पर्धा होतात. कॅन्सस सिटीच्या पद्धतीनं गुण देणारे पंच हाडावरून आपोआप गळणारं मांस जास्त शिजलेलं मानतात. चावलं की तेवढाच घास स्वच्छ सुटायला हवा, बाकीचं हाडाला धरून राहायला हवं. माझ्यासाठी मी तसंच करतो. बाबांची चाप मात्र अर्धा तास जास्त ठेवतो. पंच गेले उडत.