ब्रेक वाजायची वाट बघू नका



हंगाम तोंडावर आला की शेतकी विभागाच्या माणसाने तोडणीचा कार्यक्रम, खोडव्याची खते, पाचट न जाळणे यावर लिहावे अशी आपली अपेक्षा असते. त्या गोष्टी गटाच्या बैठकीत बोलूच. आज मात्र ब्रेकवर लिहितो. ऊसवाल्याला ब्रेकमधलं काय कळतंय, असे कोणी म्हणेल. पण गट कार्यालये, फडाच्या वाटा, गाडीतळ आणि दोन-दोन महामार्ग असा वर्षभर फिरणारा माणूस बरेच बघतो. आणि जे बघतो त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की आपल्याकडे ब्रेकचे सामान योग्य वेळी बदलणारे फार थोडे. कोणी वर्षभर उशिरा बदलतो, तर कोणी मिस्त्रीच्या सांगण्यावरून चांगली डिस्क भंगारात घालतो. दोन्हींत नुकसान आपलेच.

आपला जिल्हा बालाघाटाच्या डोंगराचा. तुळजापूरचा घाट, येरमाळ्याचा घाट, एकीकडून धुळे-सोलापूर महामार्ग, दुसरीकडून नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग. नवरात्र झाले की कोजागिरीपर्यंत सोलापूरकडून आणि कर्नाटकातून तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते भरून जातात. त्याच सुमारास उसाच्या गाड्या रस्त्यावर यायला लागतात. रात्रीची वेळ, अंगावर पांघरूण घेतलेली माणसे, बायका-पोरे कडेने चाललेली. अशा रस्त्यावर पेडल दाबले आणि गाडी दहा हात पुढे जाऊन थांबली, तर त्या दहा हातांत कोण असेल हे सांगता येत नाही.

आधी ब्रेक काय करतो ते थोडक्यात. गाडीच्या वेगात जी ताकद असते ती ब्रेक घासून उष्णतेत घालवतो. वेग दुप्पट झाला की ही ताकद चौपट होते. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला जो ब्रेक पुरतो, त्यालाच ८० ला चौपट काम करावे लागते. बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क असते. चाकाबरोबर फिरणारी ती बिडाची तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे ते पॅड. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून जास्तीचे काम पुढच्या चाकांवर पडते. मागे अजून पुष्कळ गाड्यांना ड्रम आणि लायनरच आहेत. पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, पण पॅड भराभर झिजतो आणि डिस्क सावकाश. झिजण्यासाठीच केलेली वस्तू आहे ती. झिजली म्हणून कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता मुद्दा कधी बदलायचे याचा. आपल्याकडे दोन पद्धती चालतात. एक, वाजायला लागले की बदलू. दोन, इतके किलोमीटर झाले की बदलू. माझ्या मते दोन्ही चूक.

किलोमीटरचे आधी बघू. एकाचा पॅड पन्नास हजार किलोमीटर जातो, दुसऱ्याचा त्याच गाडीत पंचवीस हजारांत संपतो. गाडी महामार्गावर चालते का फडाच्या वाटेने, काळ्या रानाचा चिखल चाकात किती जातो, चालवणारा घाट उतरताना गिअरमध्ये उतरतो का न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, यावर सगळे आहे. (डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. नव्या गाड्यांत उतारावर गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनाला तेल जातच नाही, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला तेल लागते. म्हणजे डिझेलही जाते आणि ब्रेकही.) खोडवा ठेवायचा का मोडायचा हे आपण तो कितवा आहे एवढ्यावरच ठरवत नाही. रानात जाऊन नांग्या किती पडल्या, फुटवे किती आहेत, ते मोजतो. ब्रेकचेही तसेच, मोजून ठरवायचे.

आता वाजण्याचे. चांगल्या पॅडला बहुधा एक पातळ पोलादी पट्टी असते. पॅड बाद व्हायला आला की ती डिस्कला टेकते आणि किंकाळीसारखा बारीक आवाज येतो. ही सूचना खरीच कामाची. पण तिच्यावर विसंबू नये, कारण सगळ्याच पॅडना ती नसते, स्वस्तातल्या बनावट मालाला तर नसतेच असे धरून चाला. शिवाय ती बहुधा एकाच पॅडला असते, आणि जास्त झिजलेला पॅड दुसराच निघतो. काच बंद आणि गाणी चालू असली तर ऐकू काय येणार? त्यानंतरचा आवाज असतो तो खरखरीचा, लोखंडाला लोखंड घासल्याचा. तो आला म्हणजे पॅडचे अस्तर संपून मागची पत्र्याची पाटी डिस्कला खात आहे. तोवर थांबलात तर पॅडबरोबर डिस्कही गेली.

उलट, प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड असेही नाही. रात्रभर पावसात किंवा दवात गाडी उभी राहिली की डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या चार-दोन ब्रेकला खरखर होते आणि थांबते. तो दोष नव्हे. शेतवाटेचा बारका खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात अडकला तरी मोठा आवाज करतो. अशा वेळी चाक काढून बघावे, एवढ्यावरून सामान बदलू नये.

मग बघायचे काय? नव्या पॅडचे अस्तर साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. ते ३ मिलिमीटरवर आले की बदलावे. काही कंपन्या पुस्तकात याहून कमी आकडा देतात, पण आपल्या धुळीच्या आणि घाटाच्या मुलखात ३ ला थांबणे मी योग्य समजतो. कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही. ती सरळ ब्रेक ऑईलपर्यंत पोचते. अस्तरच मोजायचे, मागची पाटी धरून नव्हे. आणि दोन्ही पॅड बघायचे. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. आतला दिसत नाही, आणि पुष्कळदा तोच आधी संपतो, कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलाने आणि गंजाने जाम होतात. म्हणून चाक उतरवल्याशिवाय "बघितलं, अजून लई हाय" असे म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नका. आतला आणि बाहेरचा पॅड कमीजास्त झिजलेला दिसला, तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. पिना काढून, साफ करून, त्यांचेच ग्रीस लावून बसवल्या पाहिजेत. नाहीतर नवा पॅडही त्याच वाटेने जाईल.

डिस्कच्या बाबतीत भांडण उलटे आहे. काही गॅरेजवाले पॅडबरोबर दर वेळी डिस्क बदलायला लावतात, काही म्हणतात डिस्कला काही होत नसते. खरे उत्तर बहुतेक डिस्कवरच कोरलेले असते. कडेला किंवा मधल्या टोपीवर इंग्रजीत 'मिन. टी. एच.' अशी अक्षरे आणि पुढे मिलिमीटरचा आकडा असतो. कमीत कमी जाडी एवढी, तिच्या खाली गेली की डिस्क बाद. घासून गेला असेल तर गाडीच्या पुस्तकात मिळतो. नवी डिस्क आणि बाद डिस्क यांत बहुधा दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असतो, त्यामुळे डोळ्याने कळत नाही, मोजावेच लागते. मोजतानाही एक फसगत होते. डिस्क झिजते ती पॅड लागतो तिथे, बाहेरची कड तशीच राहून तिथे वरंबा तयार होतो. साधे व्हर्निअर लावले तर ते वरंब्यावर बसते आणि जाडी जास्त दाखवते. स्क्रू गेजने, कडेच्या आत, चार-सहा ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आलेला आकडा धरा.

जाडी पुरेशी असूनही डिस्क बदलावी लागते ती कधी? तडा दिसला तर लगेच, त्यात चर्चा नाही. नखाला लागतील असे खोल चर पडले, उष्णतेने निळे-काळे डाग पडले, किंवा ब्रेक लावताना पेडल पायाखाली थडथडते आणि स्टिअरिंग हलते, म्हणजे डिस्क सगळीकडे सारखी राहिलेली नाही. (एबीएस असलेल्या गाडीत जोराच्या ब्रेकला किंवा निसरड्यावर पेडल थडथडते, ते निराळे. ती त्या यंत्राची चाल आहे. साध्या हळू ब्रेकला थडथड झाली तर मात्र डिस्क तपासा.) अशी डिस्क लेथवर साफ करून घेता येते, पण साफ केल्यावरही जाडी त्या कोरलेल्या आकड्याच्या वर राहणार असेल तरच. आणि काहीही बदला, जोडीने बदला. डाव्या चाकाचे बदलले की उजव्याचेही. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले की गाडी ब्रेकला एका अंगाला ओढते. नवे पॅड घातल्यावर दोन-तीनशे किलोमीटर तरी बेताने ब्रेक लावत जा, म्हणजे पॅड डिस्कवर बसतो. नवे पॅड घालून त्याच संध्याकाळी घाट उतरू नये.

ब्रेक ऑईलबद्दल दोन शब्द. पॅड झिजत जातो तसतशी डबीतली पातळी खाली जाते. आपल्याकडे ती खाली दिसली की लगेच वर ओततात आणि निश्चिंत होतात. वास्तविक ती खाली जाणे हीच पॅड बघा अशी खूण असते, नाहीतर कुठे गळती आहे. शिवाय हे तेल हवेतला ओलावा पिते. ओलावा शिरलेले तेल घाटात तापून उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल भुईला टेकते. दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. डबीचे झाकण उघडे ठेवून चहाला जाणारा मिस्त्री दिसला तर त्याला हाक मारा.

खर्चाचे म्हणाल, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये धरली होती. तोडणी-वाहतूक वजा जाता एक टन उसाचे जे हातात येते, तेवढ्यात बहुतेक साध्या गाड्यांच्या पुढच्या पॅडचा सेट येतो. डिस्कची जोडी त्याहून महाग. म्हणजे पॅड वेळेवर बदलणे ही डिस्क वाचवण्याचीच युक्ती आहे. माल पावती घेऊन घ्या. आणि जुने लायनर झाडताना धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसा.

आता ट्रॅक्टरचे, कारण खरी काळजी तिथे आहे. शेतात वळताना आपण एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, त्यासाठीच डावे-उजवे पेडल वेगळे दिलेले असते. साहजिकच दोन्ही बाजू सारख्या झिजत नाहीत. तोच ट्रॅक्टर दिवाळीला उसाच्या वाहतुकीला लागतो. पेडल जोडणारा खटका टाकला तरी एक बाजू आधी धरते, आणि भरल्या ट्रॉल्या मागून ढकलत असताना ट्रॅक्टर आडवा होतो. खटका न टाकता रस्त्यावर येणारेही मी रोज बघतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडलची ढिलाई सारखी करून घ्यायला मिस्त्रीला तासभर पुरतो. तेलात बुडालेले ब्रेक असणाऱ्या ट्रॅक्टरला लायनर बाहेरून दिसत नाही. त्याला पेडलची ढिलाई पुस्तकाप्रमाणे ठेवणे आणि पुस्तकात सांगितलेलेच तेल घालणे, हे दोन उपाय.

आणि ट्रॉली? कित्येक ट्रॉल्यांचा ब्रेक म्हणजे किन्नरने चाकाखाली टाकलेला दगड. चढावर गाडी थांबली की दगड लावायचा, निघताना तो तिथेच सोडायचा, आणि मागून येणारा मोटारसायकलवाला रात्री त्यावर आपटायचा. यात ठेकेदाराला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलातून जातो. म्हणजे ती गाडी आपण भाड्याने लावलेली आहे, आणि तिच्यावर काय अटी असाव्यात हे बोलण्याचा हक्क सभासदाला आहे.

माझी सूचना अशी. वाहतुकीचा करार करताना ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर आहे का, हे आपण बघायला लागलो, ते चांगले झाले. त्याच्याच शेजारी ब्रेकचा एक रकाना असावा. ट्रॅक्टरचे पेडल सारखे आहेत का, खटका आहे का, ट्रॉलीला चालू ब्रेक आहे का, आणि लाकडी ओंडक्याची एक जोडी दोरीने बांधलेली आहे का. तपासणी यार्डातच व्हावी आणि हंगामाच्या मध्यावर पुन्हा एकदा व्हावी, कारण ऑक्टोबरातला ब्रेक जानेवारीत तसाच राहत नाही. काही ठेकेदार म्हणतील की उचल देतानाच एवढ्या अटी, मग गाड्या दुसऱ्या कारखान्याला जातील. ही भीती खोटी नाही, गाड्यांची ओढाताण दर वर्षी असते. म्हणून पहिल्या वर्षी नापास गाडी परत न पाठवता आठ दिवसांची मुदत द्यावी, आणि लायनरचा खर्च हवा तर उचलीतून धरावा. मुदतीनंतर मात्र तिची स्लिप थांबवावी. ऊस एक दिवस उशिरा आला तर वजनात आणि उताऱ्यात तूट येते हे मी तुम्हाला बारा महिने सांगत असतो, आणि तरीही ही एक दिवसाची तूट सोसावी असे माझे मत आहे.

वार्षिक सभेपूर्वी गटवार बैठका होतील. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी तिथे जरूर बोलावे. ज्यांना पटते त्यांनी येताना आपल्या गाडीचे पुढचे एक चाक उतरवून पॅड मोजून यावे आणि आकडा आमच्या गट सहाय्यकाकडे नोंदवावा. आपल्या कार्यक्षेत्रात किती गाड्या ३ मिलिमीटरच्या खाली चालतात, ते त्या वहीवरून पुढच्या अंकात छापता येईल.